समुद्राकडे पाठ

१

पाठमोरा तटावरून खाली पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगायचं तर सुरुवात मीच केली. मी दातांचा डॉक्टर. माणसं खुर्चीत पाय आखडून बसलेली बघण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे दुसऱ्याला घाबरवायची कला कुणाला साधली की मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. आणि हा माणूस त्या कलेतला उस्ताद होता. समुद्राकाठी जुनं गाव, गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर किल्ला. किल्ल्याच्या एका टोकाला दगडी कमान आहे. कमानीतून बाहेर पडलं की एक अरुंद तट सरळ समुद्राच्या दिशेने जातो आणि मधेच तुटतो. तिथे कठडा नाही, काही नाही. खाली नुसते खडक.

म्हातारा त्या किल्ल्याचा जुना गाइड. लोकांकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून, तो तटावरून उलटा चालत जायचा आणि चालता चालता गोष्ट सांगायचा. म्हणून सगळं गाव त्याला पाठमोरा म्हणायचं. गोष्ट अशी की इथला एक सरदार कैद्यांना याच तटावरून उलटं चालवायचा. जो मागे वळून बघेल त्याला भाला, जो बघणार नाही तो आपोआप खाली. हे सांगत सांगत पाठमोरा बरोबर कडेशी येऊन थांबायचा. टाचा हवेत, चवडे दगडावर. एकदाही मागे बघायचा नाही. बायका किंचाळायच्या, पुरुष उगाच हसायचे.

मी आणि ताई आदल्या दिवशी हा खेळ बघून आलो होतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पोलिसात फौजदार होती, आता निवृत्त आहे, पण लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड निवृत्त झालेली नाही. “त्याला कळतं कसं रे, कुठे थांबायचं ते?” असं ती जेवतानाही म्हणत राहिली. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चढण. माझे गुडघे काय म्हणतात हे तिने कधीच विचारलेलं नाही.

आदल्या दिवशी कमानीत माझा कपाळमोक्ष झाला होता. कमानीखाली दोन साखळ्यांनी एक लोखंडी पाटी टांगली आहे, ‘डोकं सांभाळा’ अशी. माझं डोकं त्या पाटीवरच आपटलं. लहानपणापासून ताई मला लंब्या म्हणते ते उगाच नाही. खाली तिकिटाच्या खिडकीवर जाऊन मी चांगला तमाशा केला होता. दुसऱ्या दिवशी मात्र मी पाटीखालून ताठ मानेने गेलो आणि तटावर जागा धरली.

पाठमोऱ्याने रोजच्यासारखं सगळ्यांना दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटून उभं केलं. एक मुलगी फोटो काढायला मधे आली तर तिच्यावर असा खेकसला की तिचा चेहरा पडला. मग गोष्ट सुरू झाली. सरदार, कैदी, भाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझा स्वतःचा मुलगा, हाच खेळ करताना, इथूनच गेला.” लोकांचे डोळे पाणावले. त्याने डोळे पुसले, एक पाऊल मागे टाकलं, त्यामागून आणखी एक टाकलं, आणि वाक्य अर्धं असताना तो तिथे नव्हता.

टाळ्या संपल्यावर खालून काहीच आवाज आला नाही. मग त्याची सून धावत आली. तीही गाइड, मागून दुसरा गट घेऊन येत होती. तिने कडेवरून वाकून बघितलं आणि तशीच मागे सरून भिंतीला टेकली.

इन्स्पेक्टर तरुण होता आणि त्याला दुपारचं जेवण चुकवायचं नव्हतं. कडेजवळ गवंड्याने सकाळीच ओला चुना थापला होता. म्हातारा त्यावरून घसरला, गवंड्याने धोक्याची दोरी लावली नव्हती, प्रकरण संपलं. गवंड्याला तिथूनच बेड्या घातल्या.

सगळे कडेजवळ जाऊन चुना बघत होते. ताई एकटी उलट दिशेला तोंड करून उभी होती.

“लंब्या, तो पडताना हात फेकले का रे त्याने?”

“नाही,” मी म्हणालो. “बोलत होता.”

“घसरणारा माणूस हात फेकतो. हा घसरला नाही. हा रस्त्यावरून चालावं तसा चालत गेला.” ती अजून कमानीकडेच बघत होती. “याला कुणीतरी चालायला लावलंय.”

२

आम्ही उतरलो होतो ते घर गवंड्याचंच. हे आम्हाला घरी पोचल्यावर कळलं, कारण घरमालकीण चुलीपुढे बसून तव्याला शिव्या देत होती.

“उद्याच्या होडीने नेणारेत त्यांना मोठ्या तुरुंगात,” ती म्हणाली. “एकदा तिकडे गेलं की आमच्यासारख्यांना कोण विचारतं? मागच्या वेळी एका कोळ्याला नेलं, तो आला तेव्हा त्याला बायको ओळखू आली नाही. ताई, तुम्ही पोलिसातल्या ना? काहीतरी करा हो.”

“चुना कडेच्या किती जवळ होता?”

“कडेला नव्हताच. बाजूच्या भिंतीच्या पायाशी होता. हे काय एवढे वेडे आहेत वाटेत चुना टाकायला? ओल्या चुन्याला हात लागला तरी माझ्यावर ओरडतात.”

ताईने तिला चुलीपुढून उठवलं आणि पाठमोऱ्याबद्दल विचारलं. रडता रडता बाईने छान चहाड्या केल्या. म्हातारा आणि त्याची बायको दोघंही होडीवरची माणसं. तिच्या वडिलांची प्रवासी होडी होती आणि पाठमोरा त्यांच्याकडे सुकाणूवर होता. लग्न झालं, होडी विकली, तो किल्ल्यावर गाइड झाला आणि ती तिकिटाच्या खिडकीत बसली. तिला सगळे काकू म्हणतात.

“आणि मुलगा?”

“सोन्यासारखा पोरगा. बापासारखं करून दाखवायची हौस. गेला. आणि या म्हाताऱ्याने पोराचं मरणसुद्धा गोष्टीत घातलं. रोज रडायचा, रोज पुढे जायचा. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर तोंड काळं करून गाव सोडलं असतं.”

तिथून आम्ही किल्ल्याच्या व्यवस्थापकाकडे गेलो. हा गृहस्थ घाम पुसत बसला होता. पाठमोऱ्याशी त्याचं उभं वैर होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

“मी कठडा लावू म्हणत होतो,” तो म्हणाला. “त्याने नाही लावू दिला. कठडा लागला तर मी चाललो म्हणाला. लोक त्याच्यासाठीच यायचे, मी काय करणार? पण वय झालं होतं. मी स्पष्ट सांगितलं होतं, येत्या हंगामापासून हा खेळ तुमची सून करेल. नाहीतर लोकांना काही दाखवू नका.”

“चिडला?”

“हसला. म्हणाला, शिकवतो की तिला.” त्याने पुन्हा घाम पुसला. “लहरी माणूस होता हो. चांगलं स्वच्छ ऊन असलं की कडेवर नाचायचा. आणि जरा धुकं आलं की गुडघे दुखतात म्हणून बसून राहायचा. आता धुकं म्हणजे काय, इथे तटावर सगळं लख्ख दिसतं. धुकं असतं ते खाडीच्या पलीकडे.”

ताईने त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग ती उठली, आणि दारातून बाहेर पडता पडता माझ्या कपाळाकडे टक लावून बघत राहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“तुझ्या कपाळावर एकच टेंगूळ आहे,” ती म्हणाली.

३

सून घराच्या मागच्या अंगणात होती. सासरा शवागारात, सासू खिडकीत, आणि ही अंगणात उलटी चालत होती. ओठ हलत होते. अंगणाच्या टोकाला तिने एक वीट ठेवली होती. टाच विटेला लागली तशी ती थांबली आणि मग तिला आम्ही दिसलो.

“तुम्हाला वाटत असेल मला काळीज नाही,” ती म्हणाली.

“मला काही वाटत नाही,” ताई म्हणाली. “काय मोजतेस?”

“पावलं. बाबांनी शिकवलंय. कमानीपासून कडेपर्यंत पावलं ठरलेली आहेत, ती मोजायची आणि मागे बघायचं नाही. एवढंच. बाबा तेच करायचे.”

“तुझ्या नवऱ्यालाही हेच शिकवलं होतं?”

“हो. त्याची टांग लांब होती. घाईत पाऊल लांब पडलं असेल. बाबा म्हणाले, मोजताना तो लोकांकडे बघून हसला असणार.” ती विटेकडे बघत होती. “मी हसणार नाही. माझी पावलं सारखी पडतात.”

मी तिच्याकडे बघत होतो. दात छान होते, एका ओळीत. असल्या माणसांना खुर्चीत भूल द्यावी लागत नाही, तोंड उघड म्हटलं की उघडतात. तिचं काही चुकत होतं असं तिला वाटतच नव्हतं.

“तुला करायचाच आहे हा खेळ?” ताईने विचारलं.

“मग काय आयुष्यभर लोकांना तोफा दाखवू?” ती म्हणाली. “त्याला करायचा होता. अर्धा राहिला. आई म्हणतात नको. आईंना कुठलंच काही नको असतं.”

“सासूशी पटतं?”

“त्यांनीच मला ठेवून घेतलं. माहेरी परत जाऊ दिलं नाही. पोटच्या पोरीसारखं करतात.” तिने वीट पुन्हा टोकाशी नीट लावली. “जास्तच करतात.”

तिला सोडून आम्ही किल्ल्याच्या दाराशी आलो. अपघातानंतर किल्ला बंद केला होता, तरी काकू तिकिटाच्या खिडकीत बसून होत्या. घरी बसवत नाही म्हणाल्या. लहानशी बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले. मला बघताच उठल्या.

“कपाळ कसं आहे तुमचं? काल फार लागलं होतं.” आत गेल्या आणि तेलाची बाटली घेऊन आल्या. नवऱ्याचं प्रेत अजून ताब्यात मिळालं नव्हतं आणि ही बाई माझ्या टेंगळाला तेल लावत होती. मला माझीच लाज वाटली. आदल्या दिवशी याच खिडकीशी मी काय काय बोललो होतो.

ताईला लाज वगैरे वाटत नाही. तिने सरळ विचारलं, “काकू, कडा कुठे आहे हे त्यांना कसं कळायचं?”

“मोजायचे,” काकू म्हणाल्या. बोटाने तेल जिरवत राहिल्या. “पावलं मोजायचे. इतकी सवय की झोपेतसुद्धा मोजायचे. मी कूस बदलली की ऐकू यायचं.”

“मग आज चुकले कसे?”

“वय झालं, ताई. आणि तो चुना.” त्यांनी बाटलीला बूच लावलं. “गवंड्याचं वाईट वाटतं. चांगला माणूस आहे.”

चढणीवरून खाली येताना मी म्हणालो, “बिचारी.”

“हं,” ताई म्हणाली. “बिचारी सराईतपणे खोटं बोलते.”

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मला न्याहारीही करू न देता धक्क्यावर घेऊन गेली. होडीला वेळ होता. होडीवाला पायरीवर बसून दात कोरत होता, तेही टाचणीने. मी काही बोललो नाही. सुट्टीवर होतो.

“बंदराच्या तोंडाशी एवढे खडक आहेत,” ताई त्याला म्हणाली. “पाण्याखालचे तुम्हाला दिसत नाहीत. मग वळायचं कुठे हे कसं ठरवता?”

“खाली बघून होडी हाकतात होय?” होडीवाला हसला. “लांब बघायचं. ते गोदामाचं छप्पर आहे ना, त्याच्याआड ती देवडी लपली की वळायचं. आधी वळलात तर खडक, नंतर वळलात तरी खडक. सुकाणूवरच्या माणसाला पाण्याशी काय करायचंय?”

ताईने त्याचे इतके आभार मानले की त्याला काहीतरी संशय आला.

तिथून पोलीस चौकी. गवंडी कोठडीत गुडघ्यात डोकं घालून बसला होता. नखांत चुना तसाच. ताईने त्याला चुन्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

“कमानीतली पाटी वर कोणी घेतली?”

गवंड्याने मान वर केली. “कुठली? ती डोक्याची? मीच. काल सकाळी. दोन्ही साखळ्यांची एकेक कडी वर चढवली. एका पाहुण्याचं डोकं फुटलं म्हणून.” मग त्याने माझी उंची बघितली. “तुमचंच काय?”

“हे पोलिसांना सांगितलंस?”

“त्यांनी चुन्याचं विचारलं. पाटीचं कुणी विचारलंच नाही. त्यात काय सांगायचं?”

“तुला कुणी सांगितलं पाटी वर घ्यायला?”

त्याने नाव सांगितलं. ताईने मान हलवली आणि इन्स्पेक्टरकडे वळून म्हणाली, “होडी थोडा वेळ थांबवा. आणि म्हाताऱ्याच्या घरातल्या सगळ्यांना तटावर बोलवा. मला एक खेळ बघायचाय.”

५

तटावर आम्ही सात जण होतो. इन्स्पेक्टर, व्यवस्थापक, काकू, सून, आमची घरमालकीण आणि आम्ही दोघं. हवा स्वच्छ होती आणि खाडीपलीकडच्या उंच डोंगरावरचं दीपगृह पांढरं चमकत होतं.

“पोरी,” ताई सुनेला म्हणाली, “तुझे सासरे कसे चालायचे ते दाखव. कमानीपासून कडेपर्यंत. मोजून.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “ताई, डोकं फिरलंय का तुझं?”

“तू गप्प बस.”

आणि ती पोरगी हसली. कुणीतरी एकदाचं विचारलं याचाच तिला आनंद झाला होता. तिने पदर खोचला, समुद्राकडे पाठ केली आणि चालायला लागली. ओठ हलत होते. कुणी तिला अडवलं नाही. इन्स्पेक्टरला वाटत होतं ताई तिला थांबवेल. मला वाटत होतं इन्स्पेक्टर थांबवेल. ताई तिच्याकडे बघतच नव्हती. ताई काकूंकडे बघत होती.

चुन्याच्या डागापर्यंत ती आली. डाग मागे पडला. मी पुढे झालो तर ताईने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ राहिला.

“थांब!” काकू ओरडल्या. “अगं मोजू नकोस! ते कधीच मोजत नव्हते!”

सून थांबली. मागे बघितलं. तिच्या टाचेमागे वीतभर दगड उरला होता, आणि तिच्या हिशेबाने अजून चालायचं होतं. ती खाली बसली. घरमालकिणीने तिला बगलेत धरून आत ओढलं.

“कधीच मोजत नव्हते,” ताई सावकाश म्हणाली. “आणि काल तुम्ही मला सांगितलंत की झोपेतसुद्धा मोजायचे.”

माझ्या बहिणीचा एक दोष आहे. कोडं सुटलं की तिला ते मोठ्याने सांगितल्याशिवाय राहवत नाही, समोर कोण आहे हे ती बघत नाही. त्या दिवशीही नाही बघितलं.

“सगळे कडा बघत होते,” ती म्हणाली. “पाठमोऱ्याने जन्मात कडा बघितला नाही. तो समोर बघायचा. म्हणून मधली वाट मोकळी हवी. आम्हाला तो दिसावा म्हणून नव्हे, त्याला कमान दिसावी म्हणून. म्हणून पलीकडे धुकं असलं की गुडघे दुखायचे. तो सुकाणूवरचा माणूस. तुम्ही इथे उभे राहून कमानीतून बघा. पाटीच्या खाली ते दीपगृह दिसतं. मागे मागे सरका, पाटी खाली येत जाते. दीपगृहाचं टोक पाटीआड गेलं की थांबायचं. इतकं सोपं. फक्त पाटी जागेवर हवी. परवा लंब्याचं डोकं तिच्यावर आपटलं. काल तो तिच्याखालून ताठ मानेने गेला. त्याचं डोकं रातोरात लहान झालं नाही. पाटी वर गेली होती. आणि पाटी वर गेली तर दीपगृह लपायला आणखी मागे जावं लागतं. किती मागे, ते म्हाताऱ्याने दाखवलं.”

व्यवस्थापक कमानीकडे तोंड उघडं टाकून बघत होता. दाढ किडलेली होती.

“गवंड्याला पाटी वर घ्यायला काकूंनी सांगितलं,” ताई म्हणाली. “पाहुण्याचं डोकं फुटलं म्हणून. तेवढंच असतं तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण योगायोग झाला म्हणून कुणी खोटं बोलत नाही.”

म्हणजे म्हाताऱ्याला मारायला माझं टेंगूळ उपयोगी पडलं होतं. काल त्याला तेल लावलं ते याचसाठी की आणखी कशासाठी, मला अजूनही माहीत नाही.

“माझ्या बापाने त्याला खुणा शिकवल्या,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. “सुकाणूवर मीही बसले आहे. लग्नानंतर पहिल्यांदा इथे खेळ बघितला तेव्हाच मला कळलं. तो म्हणाला, कुणाला सांगू नकोस, खूण दिली की माणूस संपला. मी नाही सांगितली. पोराने शिकवा म्हणून पाय धरले, तर त्याला म्हणाला, पावलं मोज. मला वाटलं वेळ आली की खरं सांगेल. बाप आहे. वेळ आली आणि पोरगा गेला. मग हिला शिकवायला लागला. मी म्हटलं, हिला तरी खरं सांगा. हसला. म्हणाला, मोजू दे.”

“तुम्ही सांगायचं होतं हिला,” मी म्हणालो. राहवलं नाही.

“सांगितलं असतं तर ही रोज त्या कडेवर उभी राहिली असती.” काकू पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. “रोज मी खाली खिडकीत बसून कान लावायचा, लोक किंचाळले ते खेळाला की आणखी कशाला. ती खूण त्याच्याबरोबरच खाली जायला हवी होती. खेळच मरायला हवा होता. हिच्यासाठी केलं मी.”

“आणि माझा नवरा?” घरमालकीण ओरडली. “तो मेला असता तुरुंगात!”

“सुटला असता कधीतरी,” काकू म्हणाल्या.

घरमालकीण काकूंच्या अंगावर धावून गेली, इन्स्पेक्टरला मधे पडावं लागलं. त्या गडबडीत सुनेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती उठून मधल्या वाटेवर उभी होती, नवऱ्याच्या बापाने नवऱ्याला मारलं आणि सासूने बापाला, हे सगळं ऐकून. मला वाटलं आता ही रडेल. मी रुमालसुद्धा काढला. ती जरा वाकली, पुन्हा ताठ झाली, कमानीतून पलीकडे बघत राहिली.

“बाबा माझ्यापेक्षा उंच होते ना?” तिने ताईला विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. गणित विचारल्यावर उत्तर द्यायचं, तसं. “तुला पाटी आणखी खाली घ्यावी लागेल.”

बोलून झाल्यावर ताईला कळलं आपण काय बोललो ते.

६

होडी दुसऱ्या दिवशी निघाली. त्याच होडीने आम्ही जाणार होतो आणि त्याच होडीने काकूंना नेणार होते. एक हवालदारीण त्यांच्याशेजारी धक्क्याच्या पायरीवर बसली होती. काकूंनी केस नेहमीसारखे घट्ट बांधले होते.

घरमालकीण आम्हाला पोचवायला आली होती आणि काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होती. नवरा काल संध्याकाळीच सुटून आला, पोटभर जेवला, आणि आज उजाडताच पुन्हा कामावर. “किल्ल्यावरून बोलावणं आलं ना! व्यवस्थापक स्वतः आला. म्हणे पाटी खाली घ्यायची आहे. ती पोरगी उभी राहून सांगणार, हे एकेक कडी सोडणार. आत्ताच गर्दी लोटलीय म्हणे, बातमी सगळीकडे गेलीय. आता गोष्टीत सासूपण आली!”

ताईने सामान उचलायला घेतलं.

“ताई,” काकूंनी हाक मारली.

ती वळली.

“चौकीत बोलला असतात तर चाललं नसतं का?” काकू म्हणाल्या. “मी सगळं कबूल केलं असतं. एकटीला विचारलं असतंत तर. तिच्यासमोर कशाला सांगितलंत?”

ताई एवढंच म्हणाली, “माझ्या लक्षात आलं नाही.” ते खरं होतं, आणि त्याने कुणाचं काही भलं झालं नाही.

धक्क्यावरून तो तुटका तट सरळ दिसतो. तटावर दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागलेल्या होत्या, मुंग्यांएवढ्या. मधल्या वाटेवर एक जण समुद्राकडे पाठ करून मागे मागे येत होती. होडीवाल्याने दोरी सोडायची थांबवली. हवालदारीणही उठून उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले, हे मी कबूल करतो. दुसऱ्यांनी घाबरलेलं बघायला मला आवडतं, स्वतः घाबरायची सवय नाही. उघडले तेव्हा ती कडेवर होती. वाऱ्याने तिचा पदर बाहेर, हवेत उडत होता. ती हलत नव्हती.

काकू नजर न हलवता बघत होत्या. बराच वेळ. मग ती आकृती पुढे सरकून गर्दीत मिसळली.

“आज थांबली,” काकू म्हणाल्या, आणि हवालदारणीचा हात धरून होडीत उतरल्या.